गेमिंगची नवी वस्तू आणि धर्मादाय घोषणा एकाच बातमीत आली, तर ती कशी वाचावी?

आपला प्रश्न असा आहे की, एखादी तंत्रज्ञान कंपनी नवा कन्सोल (व्हिडिओ खेळांचे यंत्र) किंवा कंट्रोलर (खेळ चालवायचे बटणांचे साधन) बाजारात आणते आणि त्याच निवेदनात अमुक संस्थेला देणगी, तमुक मुलांना मदत असेही जाहीर करते, तेव्हा त्यात परोपकार किती आणि जाहिरात किती, हे साध्या ग्राहकाने कसे ओळखावे. मी इंदूरमध्ये गेली बावीस वर्षे सनदी लेखापाल म्हणून काम करतो आणि कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या, खर्चाची कागदपत्रे तपासणे हा त्या कामाचा एक भाग आहे. शिवाय माझ्या बहिणीचा सोळा वर्षांचा मुलगा जन्मापासून सेरेब्रल पाल्सीसह, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणे अवघड करणाऱ्या मेंदूच्या विकारासह, वाढला आहे आणि अशाच एका बातमीतून आलेल्या कंट्रोलरवर तो रोज संध्याकाळी खेळतो.

मी सर्वांत आधी पाहतो ते एवढेच, की पैसा कोणाच्या खिशातून निघाला. ‘खरेदी करताना दहा रुपये जास्त द्या, आम्ही ते गरजू मुलांपर्यंत पोहोचवू’ असे कंपनी म्हणते, तेव्हा ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र असते. देणगीदार आपण, आणि बातमीत नाव मात्र कंपनीचे. त्यात गैर काही नाही, पण पावती आपल्या नावाची मिळते का, हे विचारायला संकोच करू नये. ‘नफ्यातील काही भाग’ ही शब्दयोजना त्याहून निसरडी आहे, कारण नफा कोणता, खर्च वजा जाता की आधीचा, आणि किती दिवसांचा, हे सांगितलेले नसेल तर त्या वाक्याला हिशेबाच्या दृष्टीने काहीच अर्थ उरत नाही. याउलट २०२२ मध्ये एपिक गेम्सने २० मार्च ते ३ एप्रिल या काळातील आपल्या फोर्टनाइट या ऑनलाइन खेळाचे उत्पन्न युक्रेनमधील मदतकार्याला देण्याचे जाहीर केले, तेव्हा तारखा दिल्या होत्या, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांसारख्या संस्थांची नावे दिली होती आणि अखेरीस १४.४ कोटी डॉलर हा आकडाही प्रसिद्ध केला. त्या पंधरवड्यात खेळाची नवी आवृत्ती आली होती, म्हणजे विक्रीलाही हातभार लागला असणारच. पण ज्या घोषणेत तारीख, रक्कम आणि घेणारा हे तिन्ही आहेत, तिच्याबद्दल मला लेखापाल म्हणून तक्रार करता येत नाही.

भारतात काम करणाऱ्या कंपनीच्या बाबतीत आपल्या हाती आणखी एक साधन आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. म्हणजे अशी कंपनी ‘आम्ही समाजाला परत देत आहोत’ असे म्हणते, तेव्हा त्यातील बराचसा भाग कायद्याने द्यावाच लागणारा असतो, हे बातमीत सहसा लिहिलेले नसते. शिवाय कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम यात धरता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या वस्तूंच्या विपणनाचा लाभ मिळावा म्हणून दिलेले प्रायोजकत्वही स्पष्टपणे वगळले गेले आहे. एखाद्या गेमिंग स्पर्धेच्या मंडपावर कंपनीचा फलक आणि खाली ‘सीएसआर उपक्रम’ अशी ओळ दिसली, तर मला तिथेच हसू येते. कंपनीचे सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिच्या संकेतस्थळावर असणे बंधनकारक आहे, तेव्हा पाच मिनिटे काढून तिथे पाहावे. बातमीतील प्रकल्प त्या यादीत नसेल, तर तो प्रचाराच्या खात्यातला समजायला हरकत नाही.

आता वस्तूकडे येतो, कारण मला वाटते की अशा बातम्यांत खरे मोल बहुतेक वेळा तिथेच असते आणि आपण ते देणगीच्या गडबडीत पाहायचे राहतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आपल्या एक्सबॉक्स कन्सोलसाठी अपंग खेळाडूंना वापरता येईल असा एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला, त्याची किंमत अमेरिकेत ९९.९९ डॉलर होती. त्याची सुरुवात २०१४ च्या सुमारास झाली, जेव्हा जखमी सैनिकांसाठी खास कंट्रोलर बनवून देणाऱ्या वॉरफायटर एंगेज्ड या सेवाभावी संस्थेच्या कामाचे छायाचित्र कंपनीतील एका अभियंत्याच्या पाहण्यात आले. पुढे एबलगेमर्स, ब्रिटनमधील स्पेशलइफेक्ट आणि सेरेब्रल पाल्सी फाउंडेशन या अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या सल्ल्याने त्याला आजचे रूप मिळाले. म्हणजे इथे दानाची दिशाच उलटी आहे: वर्षानुवर्षे एकेका माणसासाठी हाताने जुळणी करून संस्थांनी जे ज्ञान मिळवले, ते त्यांनी कंपनीला दिले, आणि कंपनीने त्याची कारखान्यात बनणारी वस्तू केली.

आमच्या घरातला हाच कंट्रोलर अमेरिकेत राहणाऱ्या मावसभावाने आणला. रामबागेतल्या बहिणीच्या घरी ते खोके आले तेव्हा भाच्याने ते स्वतः उघडले, ही गोष्ट त्याची आई अजून सांगते, कारण त्या खोक्याला ठिकठिकाणी कापडी कडी आहेत आणि त्यांत बोट किंवा मनगट अडकवून ओढले की झाकण सुटते. दाताने प्लास्टिक फाडावे लागत नाही. आत एक चपटी पांढरी पेटी, तिच्यावर तळहाताएवढी दोन काळी बटणे, आणि मागच्या कडेला ओळीने ३.५ मिमीची एकोणीस छिद्रे. जुन्या हेडफोनची पिन जाते तशीच ही छिद्रे, पण प्रत्येक छिद्र नेहमीच्या कंट्रोलरवरील एकेका बटणाच्या जागी आहे, आणि प्रत्येकासमोर वरच्या बाजूला एक बारीक खाच आहे, जिच्यातून पिन सरकवत नेली की न पाहताही ती नेमकी छिद्रात बसते. त्या खाचा कोणाला सुचल्या असतील, त्या माणसाने थरथरणाऱ्या हाताने पिन लावण्याची धडपड नक्की जवळून पाहिली असणार.

अडचण पुढे आली. छिद्रांत लावायचे तयार स्विच वेगळे विकत घ्यावे लागतात आणि परदेशातून एकेक मागवायचा म्हटले तर खर्च वाढत जातो. (लॉजिटेकने २०१९ मध्ये बारा बटणांचा संच ९९.९९ डॉलरला काढला, तो त्या मानाने स्वस्त.) शेवटी मी सियागंजमधून दाराच्या घंटीची साधी बटणे आणि सिल्व्हर मॉलमधल्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून मोनो पिना घेतल्या, त्याच्याचकडून दोन तारा जोडून डाग मारून घेतला, आणि ते बटण चालले, कारण दाबल्यावर परिपथ जुळणे एवढेच त्या छिद्राला हवे असते. घंटीच्या बटणाची स्प्रिंग भाच्यासाठी फार कडक होती, ती बदलावी लागली. आता एक बटण व्हीलचेअरच्या डोक्याच्या टेकूला बांधलेले आहे आणि तो मान कलती करून ब्रेक दाबतो. एक्सबॉक्सवर कोपायलट नावाची सोय आहे, तीत दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू होतात, त्यामुळे सुरुवातीला मी साध्या कंट्रोलरवरून त्याच्यासोबत गाडी वळवत असे. ‘मामा, तू फक्त वळव, वेग माझ्याकडे,’ असे त्याने बजावले होते. सहा महिन्यांनी त्याने मला वळवण्यावरूनही काढून टाकले.

याच्या शेजारी दुसरा अनुभव ठेवतो, कंपनीचे आणि शाळेचे नाव न घेता. विशेष मुलांच्या एका शाळेला एका कंपनीने मोठ्या समारंभात आभासी वास्तवातील (व्हीआर) खेळांचे चष्मे भेट दिले. फलक होता, छायाचित्रे झाली, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमीही आली. वर्षभराने त्या शाळेचा हिशेब तपासायला गेलो, तेव्हा चष्मे कपाटात खोक्यासकट होते, कारण सेवेची वर्गणी भरायची कोणी हे ठरले नव्हते, शिक्षकांना शिकवायला पुन्हा कोणी आले नव्हते, आणि दुरुस्तीसाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक विक्री विभागाचा होता. मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोके दाखवले आणि साठा नोंदवहीत त्याची किंमत काय लिहावी, असे विचारले.

या दोन्हींतला फरक मला असा दिसतो की विकत घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहकाला भांडता येते. कंट्रोलर बंद पडला, तर हमी मागता येते. नवा स्पर्धक आला, तर जुन्याला सुधारावे लागते, जसे सोनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलसाठी अपंग खेळाडूंचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर ८९.९९ डॉलरला आणला आणि या वर्गाची बाजारपेठ आहे हे मान्य केले. भेटीबद्दल भांडायला मात्र घेणाऱ्याची जीभ उचलत नाही. म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा देणगीचा परिच्छेद बाजूला ठेवून आधी हे पाहावे की ही वस्तू अपंग मुलाच्या हाती तीन वर्षे चालेल का, तिचे सुटे भाग आपल्या गावात मिळतील किंवा बनवता येतील का, आणि ती तयार करताना कोणाला विचारले गेले होते. देणगीची रक्कम, तारीख आणि संस्था दिली असेल, तर ती वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि मार्चनंतर कंपनीच्या वार्षिक अहवालाशी ताडून पाहा. मी दरवर्षी तेच करतो, आणि कधी कधी आकडे जुळतातही.