'सूक्ष्मजीवाश्म' कुठे फोडायचा?

'समुद्रकाठच्या प्राचीन खडकांच्या थरांचं वय सूक्ष्मजीवाश्मांवरून ठरवतात' असं एक वाक्य देऊन प्रश्न विचारलाय: यातला शब्द सूक्ष्मजीव + अश्म असा फोडायचा, की सूक्ष्म + जीवाश्म असा?

सूक्ष्म + जीवाश्म. 'सूक्ष्म असे जीवाश्म', कर्मधारय समास. कुठेही फोडला तरी संधी तीच, जीव + अश्म, त्यामुळे शब्दाच्या रूपावरून काहीच कळत नाही. निकाल अर्थावर लावायचा. त्यातून 'सूक्ष्मजीव' हा शब्द इतका रुळलेला, की डोळा आधी तिथेच थांबतो. गोंधळ व्हावा असाच हा शब्द आहे.

सूक्ष्मजीव म्हणजे जो जीवच डोळ्यांना दिसत नाही तो. सूक्ष्म जीवाश्मात लहान असतो तो मागे उरलेला अवशेष. मूळ जीव केवढाही असेल. झाड वीस मीटर उंच, पण त्याचा परागकण मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा. मला सगळ्यात बोलकं वाटतं ते कोनोडॉन्टचं उदाहरण. हे दातांसारखे कणभर अवशेष जीवाश्मांचे अभ्यासक पांडर यांनी १८५६ मध्ये वर्णन केले, पण ते कोणत्या प्राण्याचे याचा उलगडा सव्वाशे वर्षं होईना. स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ ग्रँटनच्या किनाऱ्यावरच्या खडकातून मिळालेला ठसा १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं: ईलसारखा, सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा प्राणी! त्याला कोणी सूक्ष्मजीव म्हणणार नाही. त्याचे दात मात्र अस्सल सूक्ष्म जीवाश्म. आणि उलट बाजूने पाहा: सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून रचलेले स्ट्रोमॅटोलाइट नावाचे दगडी जीवाश्म कवेत मावणार नाहीत एवढेही असतात.

खडकांचा काळ ओळखताना हे लहानपणच कामाला येतं. जमिनीत पाडलेल्या खोल भोकातून अंगठ्याएवढा तुकडा वर आला, तर त्यात मोठा शंख अख्खा सापडणं कठीण, पण शेकडो सूक्ष्म कवचं असू शकतात. मऊ चिखलदगड पाण्यात भिजवतात, बारीक चाळणीवर धुतात, वाळवून काळ्या तबकडीत पसरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. काळ्यावर ती पांढरी कवचं, एकाला एक जोडलेल्या फुगीर खोल्यांची, पाहत राहावीत अशी असतात. ही बहुधा फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची; नावाचा अर्थ लॅटिनमध्ये 'छिद्रं धारण करणारे'. त्यांच्यातला हँटकेनिना तर लगेच ओळखू येतो, कारण त्याच्या खोल्यांना लांब काटे असतात. इटलीत एड्रियाटिक किनाऱ्याजवळ मास्सिन्यानो इथल्या थरांत तो एका पातळीनंतर दिसेनासा होतो, आणि तिथेच इओसीन हा भूशास्त्रीय काळ संपून पुढचा ऑलिगोसीन सुरू झाला असं जगभर मानतात. काळ सुमारे ३ कोटी ३९ लाख वर्षांपूर्वीचा.

मात्र हा आकडा कवच सांगत नाही. कवचावरून कळतो तो क्रम: हा थर कशाच्या आधीचा, कशाच्या नंतरचा. वर्षं मोजतात ती ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून, आणि मग दोन्हींची सांगड घालतात. म्हणून मूळ वाक्यात 'वय ठरवतात'पेक्षा 'कोणत्या काळातले ते ओळखतात' मला जास्त पटतं.

लिहिताना मी सरळ दोन शब्द करतो: 'सूक्ष्म जीवाश्म'. विशेषण आणि नाम, काहीच अडत नाही. 'सूक्ष्मजीवाश्मविज्ञान' असं जोडूनच लिहायची वेळ आली, तर वाचताना 'सूक्ष्म'नंतर किंचित थांबावं. आणि खरोखर जिवाणूंसारख्यांचे अवशेष म्हणायचे असतील, तर 'सूक्ष्मजीवांचे जीवाश्म' असं पूर्ण लिहावं. षष्ठीचा प्रत्यय तिथे गाळू नये.