एपिडॉरस: दिवसा नुसतं बघून यावं की रात्रीचा प्रयोग गाठावा?

तुम्ही विचारलंय, ग्रीक भाषा येत नसताना एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात प्रयोगाचं तिकीट काढण्यात अर्थ आहे का, की दिवसा चक्कर मारली तर भागेल.

काढाच. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगतो.

दिवसा काय होतं, तर सगळे खालच्या वर्तुळातल्या मधल्या दगडावर उभं राहायला रांग लावतात. कुणी टाळ्या वाजवतं, कुणी नाणं टाकतं, वर बसलेला नातेवाईक हात हलवून "आलं ऐकू" म्हणतो. टाचणी पडली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते, हे जरा वाढवून सांगितलेलं. 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या आयंडहोवेनच्या संशोधकांनी मोजमाप केलं, तेव्हा कुजबुज आणि नाणं वरपर्यंत नीट पोचत नाही असंच दिसलं. नटाने आवाज लावला तर मात्र शब्द न् शब्द पोचतो. आणि बांधलंय ते नटांसाठीच, नाण्यांसाठी नाही!

इसवीसनपूर्व चौथ्या शतकातलं हे बांधकाम. खाली 34 रांगा, वर नंतर वाढवलेल्या 21. हे अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचं ठाणं; रोगी इथे येऊन झोपायचे आणि स्वप्नात देव उपचार सांगेल म्हणून वाट बघायचे. नाटक त्याच आवारात, हे मला फार आवडतं.

रात्री मी 'अँटिगनी' ही सोफोक्लीसची प्राचीन ग्रीक शोकांतिका पाहिली, वरच्या टप्प्यात बसून. पाठीला टेकू नाही, उशी नेली नव्हती, जॅकेटची घडी करून बसलो. रात्री नऊ वाजून गेले तरी दगड तव्यासारखा कोमट. तिसऱ्या घंटेची सवय असलेल्या आपल्याला पडदा नाही, विंगा नाहीत याचं आधी चुकल्यासारखं होतं. रंगमंचामागच्या इमारतीचा फक्त पाया उरलाय, त्यामागे थेट काळोखी झाडी. बाजूच्या पडद्यावर इंग्रजी ओळी होत्या, पण वीसेक मिनिटांनी मी तिकडे बघणं सोडलं. कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा-गाणारा नटांचा ताफा, एका दमात वळला आणि त्यांच्या पायांचा वाळूवरचा खरखर आवाज वर आला, तेव्हा हजारो माणसं गप्प होती.

आता कामाचं. मोठ्या नाट्यगृहातले प्रयोग साधारण उन्हाळ्यात, शुक्रवार-शनिवारी असतात. तिकीट काढताना नाव नीट वाचा: 'छोटं एपिडॉरस' हे समुद्राकाठच्या गावातलं वेगळं नाट्यगृह आहे. उंच टाचांच्या चपला चालत नाहीत, दगड झिजतो. अथेन्सहून प्रयोगाच्या दिवशी बस सुटतात, पण परतायला मध्यरात्र उलटते. मी लिगुरिओ या गावात राहिलो, नाट्यगृहाला जवळ पडतं. नाफ्प्लिओ गाव जास्त देखणं, पण प्रयोगानंतर सगळ्या गाड्या एकाच रस्त्याला लागतात.

आणि उशी न्या. खालीही भाड्याने देतात म्हणे, माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पन्नासाव्या पायरीवर होतो.