रिग्रेशनमध्ये शिकवणीचा आकडा मायनस आला, म्हणजे माझं काही चुकलंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही रिग्रेशन चालवलंय, म्हणजे अनेक गोष्टींवरून एका गोष्टीचा अंदाज बांधणारं गणित; १५ वर्गांतली ६०० मुलं, वार्षिक परीक्षेचे मार्क हा डिपेंडंट (ज्याचा अंदाज बांधायचा तो), आणि अभ्यासाचे तास, परीक्षेची भीती, आत्मविश्वास, खासगी शिकवणी आहे की नाही आणि शिक्षकाचा अनुभव असे पाच इंडिपेंडंट (ज्यांवरून अंदाज बांधायचा ते). शिकवणीचा कोएफिशियंट आला −४.२, आर स्क्वेअर (मार्कांतल्या फरकांपैकी किती भाग मॉडेलने उलगडला ते) आला ०.१८, आणि वरून गाईड म्हणतात मार्क नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) नाहीत तर रिग्रेशन चालणारच नाही. मी मूळची शिक्षणशास्त्रातली, स्टॅटिस्टिक्स चुका करत करत शिकले, आता दुसऱ्यांच्या प्रबंधांचे टेबल तपासून देते, त्यामुळे हा शिकवणीचा मायनस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

गणित चुकलेलं नाहीये. चूक झाली तर ती वाचण्यात होईल. आधी एक करा, तो −४.२ मराठीत पूर्ण वाक्य करून लिहा: "अभ्यासाचे तास, भीती, आत्मविश्वास आणि शिक्षकाचा अनुभव सारखा असलेल्या मुलांमध्ये, शिकवणीला जाणाऱ्यांचे मार्क न जाणाऱ्यांपेक्षा सरासरी ४.२ ने कमी आहेत." बस्स, एवढंच म्हणणं आहे त्याचं. शिकवणी लावली की मार्क उतरतात असं तो कुठे म्हणतोय? आता विचार करा शिकवणीला पाठवतात कुणाला, तर बरेचदा जो गेल्या वर्षी काठावर पास झाला त्याला. म्हणजे मुलं आधीच मागे होती म्हणून शिकवणी लागली, आणि तुमच्या मॉडेलला ही "आधी"ची गोष्ट माहीतच नाही, कारण मागच्या वर्षीचे मार्क तुम्ही त्याला दिलेलेच नाहीत. ते टाका आणि परत चालवा, तो मायनस बराच आक्रसेल, कदाचित चिन्हही बदलेल. अर्थात पहिल्या मॉडेलचा टेबल फेकू नका, दोन्ही शेजारी शेजारी द्या, खरी गंमत त्या दोघांमधल्या फरकातच आहे.

पण म्हणून जे दिसेल ते आत कोंबायचं असंही नाही. आत्मविश्वासाचंच घ्या. शिकवणीमुळे आत्मविश्वास वाढतो आणि त्यामुळे मार्क वाढतात असं जर तुमचं म्हणणं असेल, तर आत्मविश्वास "सारखा ठेवून" शिकवणीचा परिणाम मोजणं म्हणजे ज्या वाटेने परिणाम होतो तीच वाट बंद करून वर विचारायचं की माणूस पोचला का नाही. शिकवणीच्या आधी घडलेलं आत घ्या, नंतर घडलेलं जपून. हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही, हे कागदावर बाण काढून स्वतःलाच ठरवावं लागतं. आणि हो, स्टेपवाइज (व्हेरिएबल मशीनच निवडतं ती पद्धत) वापरू नका प्लीज, ते बटण दिसलं की हात शिवशिवतो हे मला माहितीये, पण कुठला व्हेरिएबल का घेतला याचं उत्तर "मशीनने निवडला" असं व्हायवात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) देता येत नाही.

आता माझी फजिती सांगते, तुमच्याही कामाची आहे. एम.एड.ला मी एक उपचारात्मक कार्यक्रम केला होता, चाचणी घेतली, सगळ्यात कमी मार्कांची मुलं निवडली, आठ आठवडे मन लावून शिकवलं, परत चाचणी, आणि सरासरी चांगली आठेक मार्कांनी वर! मी हवेत. व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, की पहिल्या चाचणीत जी मुलं सगळ्यात वर होती त्यांचं दुसऱ्यांदा काय झालं? मी बघितलंच नव्हतं. घरी येऊन बघितलं तर ती साधारण तेवढीच खाली आली होती, आणि त्यांना तर मी हातही लावला नव्हता.

याचं गणित अगदी सरळ आहे. समजा दोन्ही चाचण्यांची सरासरी ५०, पसाराही सारखा, आणि दोन्हींतलं कोरिलेशन, म्हणजे दोन आकडे किती जोडीने चालतात ते (पूर्ण जोडीला १, काहीच संबंध नसेल तर ०, उलट्या दिशेला मायनस), ०.६. मग पहिल्यांदा ज्यांची सरासरी ३० आली, म्हणजे ५० च्या २० खाली, ती मुलं काहीही न करता दुसऱ्यांदा २० गुणिले ०.६ म्हणजे १२ खाली असतील, थोडक्यात ३८ वर. आठ मार्क फुकटचे. कारण ३० वाल्यांत काही खरंच कच्चे असतात आणि काहींचा नुसता तो दिवस वाईट गेलेला असतो. रिग्रेशन हे नावच मुळात यातून आलंय, फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवर लेख लिहिला, उंच आईबापांची मुलं उंच पण सरासरीकडे थोडी परतलेली, आईबापांचं सरासरीपासून जेवढं अंतर त्याच्या साधारण दोन तृतीयांशावर, म्हणून "परत जाणं". मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा किस्सा सांगायचे तोही हाच, की कौतुक केलं की पायलटचं पुढचं उड्डाण बिघडतं आणि झापलं की सुधारतं असं त्या प्रशिक्षकांचं ठाम मत. फार चांगल्यानंतर थोडं कमी चांगलं येणारच, आणि श्रेय जातं ओरडण्याला. म्हणून कमी मार्कांवरून मुलं निवडली असतील तर तशाच मुलांचा दुसरा गट, ज्याला कार्यक्रम दिला नाही, तो हवाच.

आता तुमच्या डेटातला खरा घोळ, जो तुम्ही विचारलेलाच नाही. ६०० मुलं म्हणजे ६०० स्वतंत्र माणसं नाहीत हो. एका वर्गातली ४० मुलं एकच शिक्षक, एकच फळा, एकच गोंगाट वाटून घेतात, त्यामुळे त्यांचे मार्क एकमेकांसारखे असतात. हे सारखेपण मोजायचा आकडा म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन, शाळेच्या मार्कांत तो ०.१ ते ०.२५ असा बऱ्याचदा सापडतो. ०.२ धरा. माहिती किती पटीने घटते त्याचं सूत्र आहे १ अधिक (वर्गातली मुलं वजा १) गुणिले तो आकडा, म्हणजे १ + ३९ × ०.२ = ८.८. ६०० ला ८.८ ने भागा, उरतात ६८. शिक्षकाच्या अनुभवासारख्या गोष्टीसाठी, जी अख्ख्या वर्गाला एकच असते, तुमच्याकडे कामाची माहिती सुमारे ६८ मुलांएवढीच आहे, आणि खरं म्हणाल तर शिक्षक फक्त १५. (अभ्यासाचे तास मुलागणिक बदलतात, त्यांना एवढा फटका नाही.) तुम्ही अनुभवापुढे जो पी = ०.००१ चा स्टार (खरा परिणाम नसता तर एवढा आकडा क्वचितच आला असता, असं सांगणारी खूण) लावलाय तो त्यामुळे मला अजिबात पटत नाही. ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालंय, शिक्षण-संशोधक नेव्हिल बेनेट यांनी १९७६ मध्ये पारंपरिक शिस्तीत शिकवलेली मुलं जास्त प्रगती करतात असं मांडलं, त्यावर रणकंदन झालं, आणि १९८१ मध्ये संख्याशास्त्रज्ञ एटकिन आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा मुलं वर्गांत बांधलेली आहेत हे धरून पुन्हा तपासला तर ते फरक फारच पातळ झाले.

उपाय दोन. मल्टिलेव्हल मॉडेल (मूल आणि वर्ग या दोन्ही पातळ्या धरणारं) लावा, किंवा शिक्षकाच्या अनुभवात तुम्हाला फारसा रस नसेल तर सरळ १४ वर्गांचे डमी (मूल त्या वर्गातलं आहे की नाही सांगणारे १/० चे रकाने, पंधरावा वर्ग तुलनेला) टाका, म्हणजे तुलना वर्गाच्या आतल्या आतच होईल. मात्र मग अनुभव मॉडेलमधून गळतो, कारण तो वर्गाच्या आत बदलतच नाही. माझं मत विचाराल तर १५ वर्गांच्या जोरावर शिक्षकांबद्दल काही ठाम बोलूच नये, डमी टाका आणि मोकळे व्हा. कुणीतरी हमखास सुचवेल की मग वर्गाच्या सरासऱ्याच घेऊन रिग्रेशन करा ना, ते मुलांबद्दल बोलायला चालत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनचा १९५० चा लेख यावरच आहे, अमेरिकेत राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेले जास्त तिथे निरक्षरता कमी (कोरिलेशन −०.५३), आणि माणसांच्या पातळीवर नेमकं उलटं, ०.१२, कारण बाहेरून आलेले लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते.

आर स्क्वेअरचं टेन्शन घेऊ नका. ०.१८ म्हणजे मल्टिपल आर (मॉडेलचा अंदाज आणि खरे मार्क यांतलं कोरिलेशन) ०.४२, प्रश्नावल्यांवरून माणसाच्या वागण्याबद्दल बोलताना हे वाईट नाही, कुणी ०.८५ आणला तर मी आधी तपासते की एकच गोष्ट दोन नावांनी दोन्हीकडे घातलीये का. नॉर्मलचं म्हणाल तर गाईडना नम्रपणे सांगा की ती अट मार्कांवर नसून रेसिड्युअलवर (खरे मार्क आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकावर) असते, आणि ६०० च्या डेटात तीही सगळ्यात कमी काळजीची. रेसिड्युअलचा प्लॉट मात्र काढाच, सरळ रेषेऐवजी वाक दिसला, किंवा एका टोकाला ठिपके पंख्यासारखे पसरले, तर त्याची काळजी करा. आणि भीतीच्या स्केलवर "जास्त" आणि "कमी" असे मधोमध दोन गट पाडू नका, स्कोअर आहे तसा वापरा, गट पाडले की साधारण एक तृतीयांश माहिती हाताने फेकल्यासारखी होते.

तर सध्या एकच काम, मागच्या वर्षीचे मार्क त्या १५ वर्गांच्या रेकॉर्डमधून मिळतात का ते बघा. नाहीच मिळाले तर शिकवणीचा आकडा टेबलात राहू द्या, पण निष्कर्षांच्या चॅप्टरमध्ये त्यावर जे दीड पान लिहिलंय ते काढा.