तोंडावरची ओढणी आणि छातीवरची नावपट्टी

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातली, अंगणवाडीत मदतनीस आहे. गावच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) कंपनीच्या जमीन मोजणीला विरोध करायला आम्ही बायका बसलो होतो. ऊन होतं, आणि खरं सांगायचं तर सुपरवायझर बाईंना कळू नये म्हणूनही मी ओढणीने तोंड बांधलं होतं. पोलिसांच्या गाडीत चढवताना एका महिला पोलिसाने हात पिरगाळला, मनगट मोडलं. तिच्या तोंडाला मास्क होता, छातीवर नाव नव्हतं. संध्याकाळी नाव-पत्ता लिहून सोडलं. आता पोलीस पाटलांनी व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो पाठवला आहे : बेकायदा जमाव, आदेशभंग, आणि 'तोंड बांधलेल्या महिलेने' मोजणीदाराला ढकलून सरकारी कामात अडथळा आणला. मी जागेवरून उठलेही नव्हते. हवालदार म्हणतात, तोंड बांधलं म्हणजे मनात गुन्हाच होता. भाऊ म्हणतो, मी तिथे नव्हतेच असं सांग आणि मोबाईलमधलं सगळं पुसून टाक.

उत्तर : ताई, भावाचं ऐकू नका. तुमचं नाव त्या संध्याकाळी ठाण्यात लिहून घेतलं आहे. 'मी नव्हतेच' हे पहिल्याच तारखेला खोटं पडेल. आणि चित्रीकरण पुसणं हा भारतीय न्याय संहितेखाली पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा ठरू शकतो. शिवाय तुम्ही बसूनच होता हे त्याच मोबाईलमध्ये दिसत असेल, तर पुसून नुकसान कोणाचं? फोन आहे तसा ठेवा, एक प्रत काढा. कोर्टात ते दाखवताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे चित्रण कोणत्या उपकरणातून कसं घेतलं हे सांगणारं, प्रमाणपत्र लागतं, ते तुमचे वकील करतील.

आता हवालदारांच्या बोलण्याकडे. चेहरा झाकणं हा आपल्याकडे सरसकट गुन्हा नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 122 चेहरा झाकण्याबद्दल बोलतं खरं, पण ते सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेपुरतं, आणि गुन्हा करण्याचा इरादा असला तरच. तुम्ही भर दुपारी बसला होता. सुपरवायझरपासून लपणं म्हणजे गुन्ह्याचा इरादा नव्हे. कोकणात एप्रिल-मे महिन्यात स्कूटरवरून जाणाऱ्या निम्म्या मुली तोंड बांधूनच असतात, त्यांनाही मग नोटिसा काढाव्या लागतील!

पण एक मर्यादा ध्यानात ठेवा. चेहरा झाकता येतो, नाव नेहमीच दडवता येत नाही. पोलिसांसमोर एखादा अदखलपात्र गुन्हा (ज्यात एरवी वॉरंटशिवाय अटक करता येत नाही) घडला आणि नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटं नाव सांगितलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम 39 तेवढ्यासाठी अटकेची मुभा देतं. तुम्ही नाव सांगितलंत, ते बरोबर केलंत.

ओढणीचा दुसरा परिणाम तुम्हाला आवडणार नाही. तोंड बांधलेल्या बायका अनेक असतील, तर ढकललं कोणी हे सिद्ध करायचं ओझं पोलिसांवर आहे, हे तुमच्या बाजूचं. पण त्याच ओढणीमुळे दुसरीचा धक्का तुमच्या नावावर लागू शकतो, आणि बेकायदा जमावात समान उद्देश दाखवला तर एकाचं कृत्य सगळ्यांना चिकटतं. म्हणून 'कोणीतरी ढकललं असेल' वगैरे अंदाज बोलून दाखवू नका. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, राज्यघटनेचं कलम 20(3) आहे. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हेही माहीत असू द्या.

व्हॉट्सॲपवरची नोटीस चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरी त्या मुद्द्यावर घरी बसू नका. रीतसर प्रत मागणारा अर्ज द्या, पोच घ्या, आणि तारखेला वकिलाबरोबर हजर राहा. आदेशभंगाच्या कलमाला, म्हणजे न्याय संहितेच्या 223 ला, संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार कोर्टात लागते. त्याची धास्ती नको. धास्ती असलीच तर त्याच संहितेच्या कलम 132 ची, म्हणजे बळ वापरून सरकारी कामात अडथळा आणल्याच्या कलमाची, लोक अजून ज्याला जुन्या दंड संहितेतल्या आकड्याने 353 म्हणतात त्याची. ते अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही. हजर होण्याआधी रत्नागिरीच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का, हे वकिलाशी बोलून ठरवा.

मास्कवाल्या बाईंचं काय? डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. त्यातली नावाची अट आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 मध्ये आहे. पोलिसांचं उत्तर मी आत्ताच सांगतो : 'अटक नव्हती, नुसतं ताब्यात घेतलं होतं.' हे उत्तर कच्चं आहे, पण निरर्थक नाही. कलमात शब्द अटकेचाच आहे. म्हणून सगळा भार नावपट्टीवर टाकू नका. बंदोबस्त वाटपाची यादी, ठाणे दैनंदिनी, गाडीचं लॉगबुक आणि ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, असा अर्ज पोलीस अधीक्षकांना आजच करा. नाव नसलं तरी त्या गाडीवर कोण होतं हे कागद सांगतात.

पोलिसांची बाजूही मला कळते. ती शिपाई शेजारच्या गावची सून असेल. नाव व्हायरल झालं तर तिच्या घरासमोर लोक जमतील. मग निदान बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) ठळक लावा. हातात काठी आणि कायद्याची ताकद असलेल्याला निनावी राहू देणं मला मान्य नाही. तुमच्या ओढणीने फार तर एक सुपरवायझर फसली असती.

मनगटाचा सरकारी दवाखान्यातला दाखला आणि एक्स-रे लागेल. अजून काढला नसेल तर उद्याच काढा. तक्रार ठाण्यात, मग अधीक्षकांकडे, मग राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. वेळ घालवू नका, पोलिसांविरुद्धच्या कारवाईला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 161 ची मुदत आड येते. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट 2025 पासून आपल्या जिल्ह्यासाठी कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, आहे. अणुस्कुरा घाट चढला की झालं.

नोकरीबद्दल : मानधनी असल्यामुळे सरकारी नोकरांचे वर्तणूक नियम तुम्हाला आपोआप लागत नाहीत, आणि त्यांचं संरक्षणही मिळत नाही. सुपरवायझर बाईंनी विचारलं तर उत्तर लेखी द्या, तेही वकिलाला दाखवून. वकिलाची फी जड जात असेल तर राजापूर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.