आधी नाक खाली

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पहिलं सोलो, म्हणजे विमानाचं एकटीनं केलेलं उड्डाण, जवळ आलंय आणि तू लँडिंगची धास्ती घेतलीयस, असं आई म्हणाली. लँडिंग सरावानं बसतं. मला घोर लागतो तो टेकऑफनंतरच्या पहिल्या मिनिटाचा.

सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळपास २,५०० फुटांवर. त्या उंचीचं प्रमाण तापमान १० अंश. एप्रिलात दुपारी पारा ३६ वर गेला, की विमानाच्या लेखी ती हवा साडेपाच हजार फुटांवरची होते. इंजिन दमतं, प्रोपेलरची ओढ कमी पडते, विमान रेंगाळत चढतं. समोरची झाडं मोठी दिसू लागतात आणि हात नकळत योक (नाक वर-खाली करायचा दांडा) ओढतो. घात होतो तो इथंच. नाक उचलल्यानं वेग घटतो आणि पंखाचा हवेशी कोन वाढतो. तो साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला, की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि पंख विमान पेलू शकत नाही; यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन पूर्ण जोरात असलं तरी हा स्टॉल टळत नाही. सरावात खाली तीन हजार फूट असतात, म्हणून तो सोपा वाटतो. तीनशे फुटांवर सावरायला जागाच नसते.

इंजिन बंद पडलं तर मन म्हणेल, मागं फीर. ऐकू नकोस. वळताना तू धावपट्टीच्या बाजूला सरकतेस, त्यामुळं अर्ध्या वळणानं भागत नाही. जास्त वळून पुन्हा उलटं यावं लागतं. ४५ अंश कललीस तर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ उडताना ४८ नॉटला स्टॉल होणारं विमान ४५ अंशांच्या वळणात ५७ लाच सोडून देतं. त्यात घाईनं रडर (शेपटीचं सुकाणू) जास्त दाबलास तर एक पंख आधी पडतो आणि स्पिन, म्हणजे गिरक्या घेत कोसळणं, सुरू होते.

म्हणून आधी नाक खाली, ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगत उतरायचा) वेग धर, समोरच्या थोड्या डाव्या-उजव्या टप्प्यातलं शेत निवड. आपल्या भागात उन्हाळ्यात बरीच शेतं मोकळी असतात. नांगरट असेल तर तासांच्या रेषेत उतर, आडवी नको. विजेच्या तारा आधी शोध. त्या उशिरा दिसतात, खांब लवकर दिसतात. कुणाचं पीक तुडवलं गेलं तर भरपाई देता येईल, त्याचा विचार वर असताना करू नकोस.

उद्या इन्स्ट्रक्टरसरांना दोन गोष्टी विचार: चढाईच्या पॉवरवरचा स्टॉल आणखी एकदा करून घ्याल का, आणि मागं वळायचा विचारही कुठल्या उंचीखाली करायचा नाही. तो आकडा दर टेकऑफआधी मोठ्यानं म्हण.

तुझा,
काका