वाचकांचे प्रश्न : गोळी मंदावते, फिरकी का नाही?

प्रश्न : रायफलची गोळी पुढे जाताना मंदावते, तशी तिची फिरकीही मंदावत असणार. मग लांबच्या पल्ल्यावर ती डगमगून आडवी का होत नाही?

उत्तर : फिरकी कमी होते, पण वेगाच्या मानाने फारच थोडी. 7.62 मिमीच्या रायफलच्या नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचा, 305 मिमीला (12 इंचांना) एक फेरा देणारा आहे आणि गोळी सेकंदाला 800 मीटरने सुटली असं धरा. 800 भागिले 0.305, म्हणजे सेकंदाला सुमारे 2,620 फेरे. लांबट, निमुळत्या गोळीचा वेग 1000 मीटरवर 340च्या आसपास उरतो. फेरे मात्र दहा-पंधरा टक्क्यांनीच घटतात. नळीच्या तोंडाशी 30 सेंटिमीटरला एक फेरा घेणारी गोळी तिथे 15 सेंटिमीटरला एक घेत असते!

कारण साधं आहे. पुढच्या वेगाला नाकावरचा हवेचा दाब आणि बुडामागची पोकळी, दोन्ही खेचतात. फिरकीला अडवते ती फक्त अंगाला घासणारी हवा, आणि गोळीची त्रिज्या 4 मिमीसुद्धा नसल्याने त्या घासण्याला तरफ मिळत नाही.

गोळीला उलथवू पाहणारा हवेचा जोर वेगाच्या वर्गाबरोबर उतरतो, फिरकी जवळपास टिकते. त्यामुळे भोवऱ्यासारखं स्थैर्य तिथे साधारण चौपट झालेलं असतं. म्हणून 100 मीटरवरच्या कागदात गोल भोकाऐवजी लांबट चीर दिसली, तर फिरकी वाटेत संपली असं समजू नका; ती मुळातच अपुरी होती. गोळी लांब, नळीचा पीळ सैल. थंड, दाट हवेत हा दोष आणखी उघडा पडतो. किती मिलिमीटरला एक फेरा हवा हे सांगणारा ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांचा 1879चा ठोकताळा शिसं भरलेल्या गोळीसाठी अजून कामाचा आहे : 150 गुणिले गोळीच्या व्यासाचा वर्ग, भागिले तिची लांबी. व्यास 7.82 आणि लांबी 31.5 मिमी असेल तर उत्तर 291 मिमी. म्हणजे 305ची नळी काठावरची. निव्वळ तांब्याची गोळी त्याच वजनाला अधिक लांब भरते, तिला पीळ आणखी घट्ट लागतो.

खरी गडबड होते ती ध्वनीच्या वेगाजवळ. तिथे हवेच्या दाबाचा केंद्रबिंदू सरकतो, आणि फिरकी भरपूर असूनही काही गोळ्यांचं डुलणं वाढत जातं.

प्रश्न : मग सर्वांत घट्ट पिळाची नळीच का घेऊ नये?

उत्तर : गोळीतला किंचितसा असमतोलही जास्त फिरकीत निशाणा पसरवतो. शिवाय 178 मिमीचा पीळ आणि सेकंदाला 1000 मीटर म्हणजे मिनिटाला 3,37,000 फेरे. पातळ कवचाची गोळी एवढ्यात हवेतच फाटू शकते. मग राखाडी धुराची रेघ दिसते आणि कागद कोराच राहतो.