कुपीतले ‘मानवी’ प्रथिन पटलावर का बसत नाही?

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. पेशीच्या आत चालणाऱ्या वाहतुकीवरील प्रकल्पासाठी आम्ही ‘पुनर्संयोजित मानवी रॅब५ए’ हे प्रथिन मागवले. कुपीवर ‘ई. कोलायमध्ये तयार केलेले, सहा हिस्टिडिनांचा टॅग जोडलेले, केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले आहे. लायपोसोमबरोबर (मेदाच्या पटलाच्या सूक्ष्म कृत्रिम पिशव्यांबरोबर) मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले, तर तिन्ही वेळा प्रथिन वरच्या द्रावातच राहिले. तळाच्या लायपोसोमबरोबर आले नाही. प्रथिन खराब आले आहे का? मानवी प्रथिन असून ते तसे का वागत नाही?

उत्तर : आपल्या निरीक्षणावरून प्रथिन खराब आहे असे म्हणता येत नाही, उलट, ई. कोलाय या जिवाणूत बनलेले रॅब५ए असेच वागायला हवे. ‘मानवी’ हा शब्द येथे अमिनो आम्लांच्या क्रमापुरता खरा आहे. मानवी जनुकाची प्रत जिवाणूत घातली की जिवाणू २१५ अमिनो आम्लांची साखळी बिनचूक गुंफतो, पण मानवी पेशी त्या साखळीवर नंतर जे काम करते, ते त्याला जमत नाही.

हे काम साखळीच्या अगदी टोकाला होते. रॅब५एची शेवटची चार अमिनो आम्ले सिस्टाइन, सिस्टाइन, सेरिन आणि अस्पॅराजिन अशी आहेत. यांपैकी दोन्ही सिस्टाइनांना मानवी पेशीतले एक विकर २० कार्बनांची जेरानिलजेरानिल ही मेदासारखी शेपटी जोडते, आणि या दोन शेपट्या पटलात रुतल्या की रॅब५ए एंडोसोमवर, म्हणजे पेशीने आत घेतलेला माल वाहणाऱ्या पिशव्यांवर, टिकून राहते. त्या विकराकडे रॅब प्रथिन पोहोचवणारे आरईपी-१ हे सोबती प्रथिन ज्यांच्या शरीरात नसते, त्यांना कोरॉइडेरेमिया हा दृष्टी हळूहळू हिरावून घेणारा आनुवंशिक आजार होतो. एवढ्याशा शेपटीवर किती अवलंबून आहे, हे त्यावरून कळावे. ई. कोलायकडे ही यंत्रणाच नाही.

शेपटीविना हे प्रथिन निरुपयोगी ठरते, असे मात्र समजू नये. रॅब५ए हा एक आण्विक खटका आहे : जीटीपी हा छोटा रेणू (न्यूक्लिओटाइड) धरला की चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद. चालू अवस्थेत ते ईईए१सारख्या प्रथिनांना धरते आणि सुरुवातीच्या एंडोसोमचे एकमेकांत विलीन होणे घडवते. खटक्याची ही उघडझाप शेपटीविनाही होते, म्हणून न्यूक्लिओटाइडची अदलाबदल किंवा ईईए१शी होणारी जोडणी मोजायला आपली कुपी उत्तम आहे. मात्र बफरमध्ये मॅग्नेशियम हवेच. सवयीने इडीटीए (धातूंचे आयन पकडणारे रसायन) घातले गेले, तर ते मॅग्नेशियम खेचून घेते, न्यूक्लिओटाइडची पकड सैल होते आणि प्रथिन अस्थिर होते. कुपी पुन्हा पुन्हा वितळवून गोठवण्याऐवजी पहिल्याच वेळी प्रथिनाचे छोटे भाग करून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावेत. हे प्रथिन नुसते माध्यमात घालून जिवंत पेशींच्या आतली वाहतूक बदलेल, अशीही अपेक्षा धरू नये, कारण ते स्वतःहून पेशीद्रवात शिरत नाही.

पटलावरचाच प्रयोग करायचा असेल, तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे कीटकपेशींत बनवलेले, शेपटी असलेले रॅब५ए वापरणे. ते निसर्गाच्या जवळचे असते, पण मेदशेपटीमुळे पाण्यात एकटे विरघळून राहत नाही आणि त्याला जीडीआय या सोबती प्रथिनाच्या आधाराने सांभाळावे लागते. दुसरी वाट आपल्या प्रकल्पाच्या आवाक्यातली वाटते : निकेल धरणारे मेद मिसळून लायपोसोम बनवावेत, म्हणजे हिस्टिडिनांचा टॅग (प्रथिनाला जोडलेला सहा हिस्टिडिन अमिनो आम्लांचा तुकडा) निकेलला चिकटून शेपटीचे काम करील. त्याआधी टॅग कोणत्या टोकाला आहे, हे माहितीपत्रकात अवश्य पाहावे. तो सुरुवातीच्या टोकाला असेल, तर प्रथिन पटलावर उलटे टांगले जाईल. शेवटच्या टोकाला टॅग असलेली रचनाच येथे उपयोगाची आहे. याही प्रयोगात इडीटीए नको, कारण ते निकेलही काढून नेते.

आणि फसल्या म्हणून त्या तीन नळ्यांच्या नोंदी खोडू नका. निकेल नसलेल्या लायपोसोमवर प्रथिन बसत नाही, हे दाखवणारे नियंत्रण नव्या प्रयोगाला लागणारच आहे. ते आपण आधीच तीनदा करून ठेवले आहे, फक्त नव्या रचनेचे प्रथिन घेतल्यास एकदा त्याच्यावरही करावे.